'द विमेन' (१९३९) : पेगीचा फोन आणि मेरीचा फोन

गुळपोळी

दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरचा 'द विमेन' हा सिनेमा पाहिलेल्यांना काय आठवतं? 'जंगल रेड' नावाचं ते लालभडक नेलपॉलिश, रोझालिंड रसेलने पॉलेट गोडार्डच्या पायाला घेतलेला कचकचीत चावा, फेसाच्या टबात लोळत फोनवर लाडीगोडी लावणारी जोन क्रॉफर्ड. धमाल आहेच ती. पण या सिनेमात पेगी डे नावाची एक भिडस्त पोरगी आहे (जोन फाँटेन. श्रेयनामावलीत प्रत्येक मुख्य नटीच्या आधी एकेक प्राणी दाखवलाय, त्यात हिच्या वाट्याला मेंढी आलीय). तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. हा धागा तिच्यासाठी.

कथा पूर्ण फुटणार आहे. सिनेमा ८० वर्षांहून जुना आहे, तेव्हा 'स्पॉइलर दिलात' म्हणून भांडायला येऊ नये.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरच्या बायका. १३० च्या वर भूमिका आणि पडद्यावर एकही पुरुष नाही. मेरी हेन्सचा (नॉर्मा शिअरर) सुखाचा संसार, गोड मुलगी. नवरा स्टीफन अत्तराच्या काउंटरवरच्या क्रिस्टल ॲलनच्या (क्रॉफर्ड) नादी लागलाय. ही बातमी सगळ्या गावाला, फक्त मेरीला नाही. सिल्व्हियाला (रसेल) ती सांगायचीही नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मग ती काय करते, तर जिच्याकडून तिला ही बातमी कळली त्याच मॅनिक्युअरवालीकडे मेरीला धाडते. ती बाई मेरीचा हात हातात घेऊन नखं रंगवता रंगवता समोर कोण बसलंय याचा पत्ता नसताना सगळी कहाणी नावानिशी सांगून मोकळी होते. हा प्रसंग बघाच. शिअररचा हात तिच्या हातात तसाच आहे, फक्त चेहरा हळूहळू विझत जातो.

मेरीची आई सांगते, गप्प बस, काही माहीत नाही असं दाखव. तुझ्या वडिलांच्या वेळी मीही हेच केलं. मेरी म्हणते, ते दिवस गेले, आता आम्ही बरोबरीच्या. आणि घटस्फोटासाठी नेव्हाडा राज्यातल्या रीनो शहराची गाडी पकडते.

रीनोच्या रँचवर अशाच आलेल्या बायकांचा अड्डा आहे. त्यात पेगीही. नवऱ्याशी क्षुल्लक कुरबुर झाली आणि आली तडकाफडकी. तिथे तिला कळतं की दिवस गेलेत. झालं! रडणं, फोन, पलीकडून नवऱ्याचा आनंद, आणि पेगी परत निघाली सासरी. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं.

त्याच रँचवर मेरीलाही फोन येतो. आपलंही मिटणार या आशेनं ती धावते. स्टीफनने फोन केलाय क्रिस्टलशी लग्नाची बातमी द्यायला.

माझं म्हणणं असं. पेगीच्या पोटातल्या, अजून डोळ्यांनी न दिसलेल्या बाळाने एक लग्न एका फोनमध्ये वाचवलं. मग मेरीची चांगली हसतीखेळती, प्रश्न विचारणारी मुलगी घरात होती, तिच्याने का नाही वाचलं? आईबाप वेगळे होणार हे मेरी त्या पोरीला समजावते तो प्रसंग तर सिनेमातला सगळ्यात खरा. व्हर्जिनिया वाइडलर नावाची बालनटी आहे, काय काम केलंय! म्हणजे सिनेमाला मूल म्हणजे काय हे पक्कं माहीत आहे. तरीही पेगीच्या वेळी तोच सिनेमा मूल म्हणजे रामबाण औषध असल्यासारखा वागतो. हा विरोधाभास लिहिणाऱ्यांच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही. पटकथा अनिता लूस आणि जेन मर्फिन यांची आहे, दोघी पोचलेल्या.

तुम्हाला काय वाटतं?

टक्केटोणपे

पहिला प्रतिसाद माझा. छान लिहिलंय, पण जरा जास्तच खोलात शिरलाय. ही समाजातल्या चोचल्यांवरची कॉमेडी आहे. पेगी तिथे आहे ती विनोदांच्या माऱ्यात प्रेक्षकाला दोन घटका दम खायला. तिच्यात सामाजिक आशय शोधणं म्हणजे भेळेत प्रोटीन मोजण्यातला प्रकार.

रानमोगरा

+१ गुळपोळी. टक्केटोणपे, दिवे घ्या, पण भेळेत प्रोटीन असतं हो, फुटाणे असतात.

मला या सिनेमातलं सगळ्यात आवडतं दृश्य म्हणजे मोलकरणीचं. मेरी आणि स्टीफन वरच्या खोलीत भांडतायत. पुरुष दाखवायचा नाही ही अट. मग काय, मोलकरीण जेन वर जाऊन कान देऊन ऐकते आणि स्वयंपाकघरात येऊन आचारीणबाईंना नक्कल करून दाखवते. एकदा साहेब, एकदा बाईसाहेब, आवाज बदलून, छाती काढून, पदर सावरल्यासारखं करून. आचारीणबाई खाता खाता मधूनमधून आपली अनुभवी मतं टाकतायत. नवरा-बायकोचं सरळ भांडण दाखवलं असतं तर दहा सिनेमांसारखं झालं असतं. इथे मालकांचं दुःख नोकरांच्या घरात करमणूक होऊन येतं, आणि आपण हसतो, आणि हसता हसता कळतं की लग्न मोडलं.

गुळपोळी, तुझ्या मुद्द्यात एक भर. गरोदरपणाच्या दोन जाती आहेत इथे. सिल्व्हियाची मैत्रीण इडिथ, कायमची पोटुशी. तिच्या बाळंतपणांवर निव्वळ विनोद, कोणाला त्यात पावित्र्य वगैरे दिसत नाही. मूळ नाटकात तर इडिथ इस्पितळात बाळाला पाजताना सिगारेट ओढतेय आणि राख पोराच्या नाकावर पडते. नाटक क्लेअर बूथ लूसचं, १९३६ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर आलं आणि ६५७ प्रयोग झाले. तेव्हा 'मूल म्हणजे रामबाण' असं या बाईला वाटत होतं हे मला काही पटत नाही.

उंटावरचा_शहाणा

पुरुष एकही नाही आणि तरी सव्वादोन तास पुरुषांबद्दलच बोलणं. आमच्या सोसायटीच्या भिशीत हे फुकट बघायला मिळतं.

रानमोगरा

उंटावरचे, भिशीत तुम्ही काय करत होतात ते आधी सांगा.

वकीलकाका_बडोदे

धागा उशिरा पाहिला. कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

या बायका रीनोलाच का जातात हे आजच्या प्रेक्षकाला कळत नाही. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात घटस्फोटाला व्यवहारात एकच कारण चालायचं, व्यभिचार. तोही पुराव्यानिशी. ही स्थिती १९६६ चा कायदा होईपर्यंत टिकली. परिणाम असा की दोघांना वेगळं व्हायचं असलं तरी नवऱ्याला हॉटेलच्या खोलीत भाड्याने आणलेल्या परस्त्रीबरोबर 'सापडावं' लागे, फोटोग्राफरसकट. ही नाटकं सर्रास चालायची. ज्यांना हे परवडत नसे किंवा शोभत नसे, पण गाडीभाडं आणि मुक्काम परवडत असे, ते नेव्हाडात जात. नेव्हाडाने रहिवासाची अट कमी करत करत १९२७ मध्ये ३ महिन्यांवर आणली आणि १९३१ मध्ये थेट ६ आठवड्यांवर. मंदीचे दिवस, राज्यात पैसा नाही, त्याच साली जुगारही कायदेशीर केला. मानसिक क्रूरता एवढं कारण पुरे. फक्त तुम्ही ६ आठवडे खरोखर इथे होतात हे सांगणारा साक्षीदार हवा. रँचच्या मालकिणी हेच काम करायच्या. सिनेमातली मार्जरी मेन आठवा, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे ज्या नजरेने बघते ती याच धंद्याची.

नाटककार लूसबाईंना हे ऐकीव नव्हतं. पहिल्या नवऱ्यापासून, ब्रोकॉपासून त्यांनी १९२९ मध्ये रीनोतच घटस्फोट घेतला होता.

आता आमच्या गावाचा अभिमान. ज्या १९३१ साली नेव्हाडाने ६ आठवडे केले त्याच १९३१ साली बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. काही जातींत काडीमोड पूर्वीपासून होता, पण सर्व हिंदूंसाठी लेखी कायदा ही वेगळी गोष्ट. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये. म्हणजे हे नाटक आलं तेव्हा बडोद्याच्या हिंदू बाईला जो हक्क होता तो पुण्याच्या बाईला नव्हता.

मेरीच्या आईचा 'गप्प बस' हा सल्ला. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आया आजही हाच देतात. पण कायद्याच्या नजरेत तो धोक्याचा. सगळं कळूनही माफ केल्यासारखं एकत्र नांदत राहिलात तर समोरचा वकील उभा राहून म्हणतो, क्षमा केलीच होती, आता तक्रार कशाची? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये हे स्पष्ट आहे.

पेडणेकार

काका, फार छान माहिती. अभिमानाची गोष्ट निघालीच आहे तर आमचाही पाट मांडतो. गोव्यात घटस्फोट १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने आला. पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि महिन्याभरातच हा कायदा केला. म्हणजे बडोद्याच्याही २१ वर्षं आधी. आता गावात किती जणांनी तो वापरला हा प्रश्न वेगळा. आमच्या आजीच्या पिढीत नवरा-बायको एकाच घरात दोन चुली मांडून मरेपर्यंत राहिलेले मी पाहिलेत, कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही.

टक्केटोणपे

काका, वाचनखूण साठवली. मात्र यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. रीनो म्हणजे तेव्हा श्रीमंतांचं एक ठरलेलं पर्यटन होतं. सिनेमा त्याची टर उडवतोय. काउंटेस बघा ना, नवऱ्यामागून नवरे करते, प्रत्येक वेळी तोंडात 'लामूर लामूर' (फ्रेंचमध्ये प्रेम), आणि घटस्फोट घ्यायला आली तिथेच काउबॉय पटकावते.

तळ्यातमळ्यात

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही सॅक्रामेंटोला राहतो, हिवाळ्यात टाहोला बर्फ बघायला जाताना रीनो पुढे तासाभरावर. कॅसिनो बघून आमच्याकडचे पाहुणे कंटाळतात तेव्हा मी त्यांना कोर्टाकडे नेते. वॉशू काउंटीचं कोर्ट, १९११ ची इमारत, पुढे मोठाले खांब. निकाल हातात पडला की बायका बाहेर येऊन या खांबांना लिपस्टिकचे मुके द्यायच्या, आणि जवळच व्हर्जिनिया स्ट्रीटचा पूल आहे तिथून ट्रकी नदीत अंगठी भिरकावून द्यायच्या, अशी कथा सांगतात. प्रत्येकीने थोडीच टाकली असेल, सोन्याची वस्तू! जुना पूल पाडून आता तिथे नवा बांधलाय, २०१६ मध्ये सुरू झाला. नदी मात्र अगदी उथळ, स्वच्छ, खालचे गोटे दिसतात. माझ्या सासूबाई कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहत होत्या. म्हटलं काय बघताय, तर म्हणाल्या, एखादी दिसते का बघतेय.

रच्याकने, सिनेमात रीनो फार थोडं दिसतं, बहुतेक सेटच. तरी रँचवरचं ते रिकामपण बरोबर पकडलंय. ६ आठवडे करायचं काय? घोड्यावर बसा, पत्ते खेळा, दुसरीची कहाणी ऐका. मग भांडणं होणारच.

रानमोगरा

तळ्यातमळ्यात, तुझ्या सासूबाईंना दंडवत.

गुळपोळी

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा भलताच रंगला. काका, क्षमेचा मुद्दा डोक्यात घोळतोय. कारण शेवटी मेरी तेच करते ना? दोन वर्षांनी तिला मुलीच्या बोलण्यातून सुगावा लागतो की क्रिस्टलचं बाहेर कोणीतरी आहे आणि स्टीफन सुखी नाही. मग ती नखं रंगवून निघते, आता मलाही नखं आलीत असं आईला सांगून. रात्रीच्या क्लबाच्या पावडर रूममध्ये सिल्व्हिया आणि गॉसिप-लेखिका (ही भूमिका खऱ्याखुऱ्या गॉसिप-लेखिकेने, हेडा हॉपरने केलीय) यांना एकमेकींत गुंतवून क्रिस्टलचं बिंग फोडते, आणि हात पसरून नवऱ्याकडे धावत सुटते. अभिमान? प्रेमात पडलेल्या बाईला तो परवडत नाही म्हणे. इथे माझं डोकं फिरतं. स्टीफनने केलं काय? काहीच नाही. तो दाराबाहेर उभा आहे, बस.

टक्केटोणपे

१९३९ मध्ये दुसरा शेवट शक्यच नव्हता. हेज कोडची, म्हणजे हॉलिवूडच्या सेन्सॉर-नियमांची, पकड १९३४ पासून घट्ट होती. लग्नाचं पावित्र्य राखलं पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये. बाळंतपण तर सावलीतूनसुद्धा दाखवायला बंदी, म्हणून नाटकातल्या त्या इस्पितळाला इथे थाराच नव्हता. त्यामुळे पेगी घरी जाणार आणि मेरीही घरी जाणार हे पहिल्या रिळापासून ठरलेलं. पाहायचं ते मधल्या वाटेवर काय काय चोरून नेलं ते. क्रिस्टल जाताना पावडर रूममधल्या साऱ्याजणींना जे ऐकवते, तुमच्यासारख्यांना एक शब्द आहे, पण तो सभ्य समाजात कुत्र्यांच्या खुराड्याबाहेर वापरत नाहीत, ते कात्रीतून सुटलंच ना?

रानमोगरा

आणि मेरीच्या आईचं वाक्य? एकटं झोपण्याचं सुख सांगताना ती म्हणते की पलंगावर स्वस्तिकासारखं हातपाय पसरून झोपता येतं. १९३९ मध्ये! सिनेमा सप्टेंबरात लागला, म्हणजे युद्ध पेटलेलं. आईचं काम करणारी लुसिल वॉटसन ते इतक्या निर्विकार चेहऱ्याने म्हणते की मी पुन्हा मागे जाऊन ऐकलं.

बरं, गुळपोळी, तुझ्या मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं तू बाळाकडे बघतेयस, मी फोनकडे बघतेय. या सिनेमात पुरुष येतात ते फोनवरून. पेगी स्वतः फोन करते. मेरी फोनची वाट बघते. मिरियम (गोडार्ड) मेरीला बजावते, मान-अपमान गुंडाळून ठेव, अजून वेळ गेलेली नाही. मेरीचं मन वळतं न वळतं तोच घंटा वाजते, तीही पलीकडून. पेगीला आपण मेंढी म्हणतो, पण अख्ख्या रँचवर आपणहून नवऱ्याशी बोलायला उठलेली तीच एकटी.

गुळपोळी

रानमोगरा, हे आवडलं. फक्त अर्धंच पटलं. पेगीला फोन करायचं बळ कुठून आलं? पोटातल्या बाळामुळेच. त्याच्याआधी तीही रडतच बसली होती. बाळाने तिला सबब दिली. माघार घ्यायची होतीच, पण 'मी चुकले' न म्हणता घ्यायची होती. आता ती म्हणू शकते, माझ्यासाठी नाही, बाळासाठी. मेरीकडे अशी नवी सबब नव्हती. तिची मुलगी जुनी झाली होती, घरात असलेल्या माणसाची बातमी होत नाही.

वकीलकाका_बडोदे

गुळपोळीताई, हे वाक्य कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशन कक्षात लावण्यासारखं आहे. सबब मिळाली की समेट होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे सहमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबायची तरतूद त्यासाठीच आहे (१९७६ मध्ये आली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की योग्य प्रकरणात ती माफही करता येते). त्या सहा महिन्यांत कोणाला दिवस गेले, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं, आणि तारखेला दोघं एकाच स्कूटरवरून अर्ज मागे घ्यायला आले. पुढे टिकलं का विचाराल तर काही टिकली, काही दोन वर्षांनी परत माझ्याच टेबलाशी.

पेडणेकार

काका, पेगीचं टिकलं असेल का?

वकीलकाका_बडोदे

भांडण कशावरून होतं ते बाळ झाल्यावर महाग होतं की स्वस्त, त्यावर आहे. मला विचाराल तर फी आगाऊ घेऊन ठेवीन.

तळ्यातमळ्यात

लोल! काका.

अवांतर: नंतरच्या आवृत्त्या कोणी पाहिल्यात का? बघायच्या की वेळ वाचवायचा?

रानमोगरा

१९५६ ची 'द अपोझिट सेक्स' मी पाहिलीय. जून ॲलिसन, क्रिस्टल झालीय जोन कॉलिन्स. गाणी घातली आणि पुरुषही घातले, तिथेच गंमत संपली. नवरा समोर दिसला की कळतं, यासाठी एवढं रडावं असा काही हा नाही. जुन्या सिनेमात तो दिसत नाही म्हणून तर मेरीवर विश्वास बसतो.

जुन्यात एक रंगीत फॅशन शो मधेच घुसडलाय, बाकी सिनेमा कृष्णधवल. क्यूकरला तो नकोच होता म्हणतात, आणि तो बरोबर होता. तेवढा पुढे सरकवला तरी चालेल.

गुळपोळी

२००८ ची मी पाहिली. मेग रायन, ॲनेट बेनिंग, आणि सिल्व्हियाला चक्क चांगली मैत्रीण करून टाकलंय. विषारी दातच काढले. मात्र आपल्या धाग्याच्या दृष्टीने एक गोष्ट आहे. त्यातही पडद्यावर पुरुष नाही हा नियम पाळलाय, शेवटापर्यंत. शेवटी इडिथची बाळंतवेणांची आरडाओरड आहे, इस्पितळ आहे, १९३९ मध्ये जे दाखवता येत नव्हतं ते सगळं आहे. आणि तिला मुलगा होतो. अख्ख्या सिनेमात दिसणारा पुरुष तो एकटाच.

उंटावरचा_शहाणा

आला तोही रडतच. बायकांच्या घोळक्यात सापडल्यावर दुसरं काय करणार बिचारा.

रानमोगरा

भिशीचं उत्तर अजून दिलेलं नाहीत हां, उंटावरचे.